बैठक न मोडता जागा बदलताना

सकाळची सहाची बैठक आणि संध्याकाळची साडेसातची. या दोन्ही एकही दिवस न चुकवता जागा बदलायची, असे पहिल्याच सभेत ठरले आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्या ठरावाशी ताडून पाहिला. ध्यानवर्गाचे सामान तसे थोडकेच असते: साठ गाद्या, एक बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचे छायाचित्र, चार कपाटे पुस्तके, शिबिराची अंथरुणे आणि भांडी. ते एका रविवारी हलते. रोज पहाटे साडेपाचला उठून यायची माणसांची सवय मात्र तीन आठवडे तुटली, तरी पुन्हा जुळायला वर्ष जाते. म्हणून सामानाचे वेळापत्रक शेवटी केले, बैठकांचे आधी.

पिंपरी-चिंचवडमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या हॉलमध्ये अठरा वर्षे आनापानसती (श्वासावरचे ध्यान), मैत्रीभावना, पौर्णिमेची वंदना आणि महिन्यातून एक दिवसाचे शिबिर असा आमचा क्रम चालला. वय वाढत गेले तसे दोन जिने चढणे अवघड झाले आणि ट्रस्टने स्वतःचे घर घ्यायचे ठरवले. शोध चौदा महिने चालला, त्यानंतर कागदपत्रे आणि दुरुस्तीत आठ महिने गेले. ज्या धम्मगटांना हे करायचे आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहोत.

जागा कशी असावी याचा निकष शोधायला फार लांब जावे लागले नाही. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात अनाथपिंडिक हा श्रेष्ठी बुद्धांच्या निवासासाठी श्रावस्तीभोवती जागा शोधत फिरतो तेव्हा त्याच्या मनात काय होते ते लिहून ठेवले आहे: गावापासून फार दूर नाही, फार जवळ नाही, जायला-यायला सोयीची, दिवसा गर्दी नसलेली, रात्री आवाज कमी असलेली. जेतवन त्याला त्यासाठी हवे होते. सह्याद्रीतली लेणी खोदणाऱ्यांनीही हेच पाहिलेले दिसते. कार्ले-भाजे आज डोंगरात एकाकी वाटतात, पण ती बोरघाटाच्या व्यापारी वाटेला धरून आहेत. आमच्या यादीत या निकषांतला ‘जायला-यायला सोयीची’ हा सगळ्यात वर होता, आणि जागा बघताना नेमका तोच विसरला जातो. शहराबाहेर आंब्याची चार झाडे आणि डोंगराचा देखावा दिसला की सभेत सगळ्यांचे डोळे चमकतात. तिथे पहाटे सहाला कोण येणार, हे त्या वेळी कुणी विचारत नाही.

आम्ही एक साधे काम केले. नियमित येणाऱ्या ६८ जणांची घरे नकाशावर टाचण्या लावून दाखवली, पहाटेच्या बैठकीला येणाऱ्यांना वेगळा रंग दिला. बसथांब्यापासून दहा मिनिटांच्या पायी अंतरापलीकडची प्रत्येक जागा यादीतून गेली. उरलेल्या जागांच्या रस्त्यावर रात्री पावणेनऊला दोन उपासिकांना चालत पाठवले. दिवे आहेत का, कुत्री किती, दुकाने उघडी असतात का, हे त्यांनी सांगायचे. एक चांगली जागा केवळ या चालण्यात बाद झाली आणि तो निर्णय आजही योग्य वाटतो.

शेतजमिनीचा मोह प्रत्येक गटाला पडतो, कारण ती स्वस्त दिसते. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला, आणि त्यात ट्रस्टही आला, परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. एखाद्या शेतकरी सदस्याच्या नावावर घेऊन ठेवू, पुढे बघू, ही सूचना येतेच. ती सभेतच संपवावी. त्या सदस्याच्या पश्चात वारसांची नावे सातबाऱ्यावर चढली की संघाचा त्या जमिनीवर कागदोपत्री काहीच हक्क उरत नाही.

भाड्याच्या आणि विकतच्या मिळून सव्वीस जागा पाहिल्या. फोनवर ‘ध्यानवर्गासाठी जागा हवी’ म्हटले की लगेच बोलावणे यायचे. प्रत्यक्ष भेटीत ‘बुद्धविहार’ हा शब्द निघाला, किंवा विश्वस्तांची आडनावे समजली, की जागा अचानक कुणा नातेवाइकाला दिलेली असायची. असे पाच वेळा झाल्यावर आम्ही पहिल्याच फोनवर ट्रस्टचे पूर्ण नाव, विश्वस्तांची आडनावे आणि ‘इथे बुद्धमूर्ती बसणार आहे’ हे वाक्य सांगू लागलो. अर्धे फोन तिथेच संपायचे. पण रविवार वाचले आणि मनस्तापही.

जागा डोळ्यांपेक्षा कानांनी बघावी लागते. पसंत पडलेल्या तिन्ही जागी आम्ही मालकाच्या परवानगीने रिकाम्या खोलीत सतरंजी टाकून प्रत्यक्ष बसलो: मंगळवारी पहाटे सहाला, शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला, रविवारी सकाळी दहाला. प्रत्येक वेळी चाळीस मिनिटे, आणि एकाने फक्त आवाजांची नोंद करायची. शांतता हवी असे आपण म्हणतो खरे, पण सतत चालणारा आवाज ध्यानात फारसा आड येत नाही. हमरस्त्याची गुणगुण दहा मिनिटांत मागे पडते. एकाग्रता मोडते ती अधूनमधून येणाऱ्या, अर्थ असलेल्या आवाजाने: शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, गाडी मागे घेताना वाजणारे गाणे, लिफ्टचे ‘कृपया दरवाजा बंद करा’, भिंतीपलीकडच्या मालिकेतले संवाद. एका जागी सगळे छान होते, फक्त सहा वाजून दहा मिनिटांनी जिन्याखालची पाण्याची मोटार सुरू व्हायची आणि सव्वासातला थांबायची. ती मोटार सोसायटीची, वेळ सोसायटीची. आम्ही ती जागा सोडली. मोबाईलवरची डेसिबल मोजणारी ॲप्स नेमका आकडा देत नाहीत, पण एकाच फोनने तीन जागांची तुलना करायला चालतात.

दुसरी परीक्षा पावसाची. मे महिन्यात रंगवून दाखवलेले घर कुणी घेऊ नये. आम्ही टोकन देण्याआधी जुलैची वाट पाहिली, मालक वैतागला तरीही. सलग चार दिवस पाऊस झाल्यावर गेलो, तर वरच्या खोलीत छताच्या कोपऱ्यात ओल, आणि गच्चीवर पाणी निचऱ्याच्या पाइपापासून उलट्या दिशेला साचलेले. उतार चुकला होता. त्यावरून गच्चीचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर) उखडून नव्याने करण्याचा खर्च किमतीतून कमी करून घेता आला. पावसात जागा पाहायची पण पावसात हलायचे नाही. आषाढी पौर्णिमा ते अश्विन पौर्णिमा या वर्षावासाच्या काळात भिक्खू मुक्काम बदलत नाहीत, आणि आमचे ग्रंथवाचनही याच तीन महिन्यांत रोज चालते. स्थलांतर जानेवारीत ठेवले.

आता कागद. इथे बहुतेक ट्रस्ट अडकतात ते खरेदीखतावर नव्हे, स्वतःच्याच जुन्या दुर्लक्षावर. धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट एकचा उतारा (ट्रस्टची अधिकृत नोंद) काढा आणि त्यावर कोणाची नावे आहेत ते बघा. आमच्या उताऱ्यावर दोन निवडणुकांपूर्वीचे विश्वस्त होते, त्यांतले एक हयात नव्हते. निवड झाली, सभेचा ठराव झाला, पण तो बदल कळवणारा चेंज रिपोर्ट एकदा दाखलच केला नव्हता आणि दुसऱ्यांदा दाखल करून पाठपुरावा केला नव्हता. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यायचा असतो. उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागतो. उताऱ्यावर नाव नसलेला विश्वस्त खरेदीखतावर सही करायला गेला की बँक, वकील, समोरचा पक्ष, सगळेच थांबतात. जागा शोधायला सुरुवात करण्याच्या दिवशीच हे काम हाती घ्या. आमचे सात महिने त्यात गेले, आणि शोध लांबला म्हणूनच ते खपले.

खरेदीसाठी कर्ज काढणार असाल तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते, कर्ज घेतल्यावर नव्हे. ट्रस्टची जुनी मिळकत विकून नवी घेणार असाल तर त्या विक्रीलाही कलम ३६ प्रमाणे पूर्वपरवानगी हवी. आम्ही दोन्ही टाळले. इमारत निधी नऊ वर्षे साठवला आणि कमी पडणारी रक्कम शेवटच्या वर्षी दानातून उभी केली. दान घेताना दात्याकडून ‘इमारत निधीसाठी, कॉर्पस (कायम निधी) म्हणून’ असे लेखी घ्यावे. प्राप्तिकर सवलतीचे ८०जी प्रमाणपत्र असले तरी २,००० रुपयांवरच्या रोख दानाला वजावट मिळत नाही, हे आधीच सांगितले नाही तर मार्चमध्ये दात्यांसमोर मान खाली घालावी लागते.

मुद्रांक शुल्क व्यवहाराच्या रकमेवर आणि शीघ्रसिद्ध गणकाच्या (रेडी रेकनरच्या) किमतीवर यांपैकी जास्त असेल त्यावर बसते. समजा व्यवहार ८० लाखांचा आणि गणकाप्रमाणे किंमत ९० लाख. आमच्याकडे शहरात ७ टक्के दराने ६ लाख ३० हजार शुल्क आणि वर ३० हजार नोंदणी फी. सभेत ८० लाखांचा आकडा मंजूर करून घेणारे विश्वस्त या जवळजवळ सात लाखांपाशी अडखळतात. व्यवहार ५० लाख किंवा जास्तीचा असेल तर खरेदीदार म्हणून १ टक्का टीडीएस ट्रस्टनेच कापून भरायचा असतो. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकतकराची आणि विजेची शून्य थकबाकी, हे सगळे टोकनच्या आधी. निवासी घरात रोज साठ माणसे जमणार असतील तर वापर बदलाबद्दल महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात लेखी विचारावे. ‘ध्यानच करतो, आवाज नाही’ हे उत्तर तक्रार आल्यावर उपयोगी पडत नाही. भाड्याने घेणार असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलाच पाहिजे, आणि त्यात ‘सामूहिक ध्यान, वंदना व व्याख्याने’ असा वापर स्पष्ट लिहून घ्या. नुसते ‘कार्यालयासाठी’ लिहिलेला करार पहिल्या भांडणात तुमच्याच विरुद्ध जातो.

घर मिळाले ते तळमजला अधिक एक, दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर. तळमजल्यावर मधली भिंत काढून १८ बाय ३४ फुटांचा हॉल करता येईल असे दिसत होते. भिंत काढता येते की नाही हे गवंड्याला विचारायचे नसते. संरचना अभियंत्याने दोन ठिकाणी प्लास्टर फोडून पाहिले, इमारत आरसीसी खांबांवर आहे आणि ती भिंत वजन घेत नाही असे लेखी दिले, मग हातोडा लागला. वरचा मजला ग्रंथालय आणि शिबिरार्थींना झोपायला. इथे आमचा अंदाज उलटा होता. आम्हाला माणसांच्या वजनाची भीती होती, अभियंत्याला पुस्तकांची. निवासी स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबाने बांधलेला असतो. बसलेली किंवा झोपलेली माणसे त्याच्या निम्म्यालाही पोचत नाहीत. पुस्तकांनी गच्च भरलेली चार कपाटे ओळीने मधोमध ठेवली तर मात्र तो आकडा सहज ओलांडला जातो. कपाटे बाहेरच्या भिंतींना, तुळईच्या रेषेवर, एकमेकांपासून सुटी ठेवली.

हॉलमध्ये माणशी अडीच बाय तीन फूट लागतात. पुढची पूजास्थानाची जागा, मधली वाट, कडेच्या खुर्च्या धरल्या तर माणशी दहा चौरस फूट हा हिशेब बरोबर बसतो. म्हणजे आमच्या ६१२ चौरस फुटांत साठ. खुर्च्या किती लागतील हे खरे बोलून मोजावे. पन्नाशीपुढच्या गटात एक चतुर्थांश लोकांना खुर्ची लागतेच. खुर्चीवाल्यांना शेवटच्या ओळीत ढकलले की ते पाहुण्यासारखे बसतात आणि हळूहळू यायचे थांबतात. दोन्ही बाजूंच्या भिंतींशी पुढून मागे अशी खुर्च्यांची रांग केली. पायांना रबरी बुचे लावली, दर चार महिन्यांनी झिजलेली बदलतो.

हवेचा प्रश्न सगळ्यात उशिरा लक्षात आला, आणि आमच्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. शांत बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. हॉलची उंची साडेनऊ फूट, म्हणजे आत सुमारे १६५ घनमीटर हवा. रस्त्याचा आवाज नको म्हणून खिडक्या लावून ४५ जण चाळीस मिनिटे बसले, तर गणिताने हे प्रमाण ४२० वरून ३,५०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) पुढे जाते. जुन्या खिडक्यांच्या फटींमुळे प्रत्यक्षात मीटरवर २,४०० दिसले. हजाराच्या वर हवा कोंदट वाटू लागते, डोके जड होते, मान खाली येते. ध्यानातल्या पाच नीवरणांतले (अडथळ्यांतले) थीनमिद्ध, म्हणजे सुस्ती, म्हणून आपण ज्याच्याशी वर्षानुवर्षे झगडतो, त्यातले काही निव्वळ बंद खिडक्यांचे असते! उपाय: मागच्या बाजूच्या दोन खिडक्या कायम चार बोटे उघड्या, जाळी लावून; आणि पुढच्या कोपऱ्यात थेट भिंतीत नव्हे तर शेजारच्या कोठीत बसवलेला एक्झॉस्ट पंखा, हॉलमधून त्याच्यापर्यंत दोन फुटांचा पाइप. पंखा भिंतीतच बसवला असता तर त्याची घरघर हॉलभर झाली असती. छताचे पंखे बदलताना जुने रेग्युलेटरही काढले, कारण कमी वेगावर पंख्याचा ‘हुंऽऽ’ असा आवाज पुष्कळदा त्यांच्यामुळे येतो.

उदबत्ती बैठकीच्या वेळी लावणे बंद केले. वंदनेआधी व्हरांड्यात लावतो. दम्याचे चार जण आहेत, आणि कोंदट हवेत धुराची भर कशाला?

घुमणाऱ्या आवाजाचे वेगळेच. मोकळ्या हॉलमध्ये टाळी वाजवली तर आवाज चार सेकंद रेंगाळत होता: फरशी, प्लास्टर, काच, सगळेच कडक. रविवारी ४५ माणसे बसली की घुमणे आपोआप जायचे, कारण माणसांचे अंग आणि कपडेच आवाज शोषतात. पहाटेच्या दहा जणांच्या बैठकीत मात्र एक खोकला अडीच सेकंद फिरत राहायचा. चैत्यगृहात वंदना म्हणताना हे घुमणे सुंदर वाटते, तिथेच कुणी प्रवचन देऊ लागले की शब्द एकमेकांवर चढतात. एका कंत्राटदाराने ध्वनिशोषक फलकांचा मोठा आकडा सांगितला. तो न करता आम्ही फक्त गाद्या उचलून रचून ठेवण्याची जुनी पद्धत बंद केली. अडीच बाय अडीच फुटांच्या ४५ फोमच्या गाद्या कायम अंथरलेल्या राहिल्या आणि मागच्या भिंतीवर जाड सुती पडदा आला. रेंगाळणे निम्म्यावर आले. गाद्या पसरलेल्याच ठेवायच्या तर झाडलोट रोज करावी लागते, ही त्याची किंमत.

गाद्यांवरून ढेकूण. शिबिरांची अंथरुणे वर्षानुवर्षे वेगवेगळ्या घरांतून आलेली असतात आणि नव्या जागी ढेकूण नेण्याचा हा राजमार्ग आहे. जानेवारीच्या उन्हात ते मरत नाहीत. म्हणून हे काम आदल्या मे महिन्यातच केले: चादरी, अभ्रे गरम पाण्यात, गाद्या काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत तोंड बांधून गच्चीवर, सलग तीन दुपारी, मधे उलटून. आत ५० अंशांच्या वर तापमान गेले पाहिजे. साधा स्वयंपाकाचा थर्मामीटर पिशवीत ठेवून पाहिले. त्यानंतर त्या पिशव्या सीलबंद ठेवल्या आणि नवे कुठलेही अंथरूण तपासल्याशिवाय घेतले नाही. सावरीच्या कापसाच्या उशांचे गोळे झाले होते. त्या उसवून, पिंजून, पुन्हा भरल्या. निम्म्या उशांना नव्याने पाच इंच उंची मिळाली आणि गुडघ्यांच्या तक्रारी कमी झाल्या.

मूर्ती. अडीच फुटांची भरीव संगमरवरी बसलेली मूर्ती दोनशे किलोच्या आसपास भरते. हे वजन उत्साही तरुणांच्या श्रमदानाचे नव्हे. दगडी मूर्ती हलवणाऱ्या अनुभवी कामगारांना पैसे देऊन बोलवावे, आणि श्रद्धेपोटी ‘आम्हीही हात लावतो’ म्हणणाऱ्यांना बाजूला उभे करावे. संगमरवर ताण सहन करत नाही. कान, बोटे आणि उष्णीष (डोक्यावरचा उंचवटा) ही तुटण्याची ठिकाणे. पट्टे फक्त बैठकीखालून जातात, हाताखालून किंवा मांडीखालून कधीच नाही. कानांभोवती आधी मऊ सुती कापड, मग फोम, मग लाकडी चौकट, आणि मूर्ती उभीच न्यायची. आमची चूक दारावर झाली. दार ३२ इंच, मूर्ती २६ इंच, म्हणून निर्धास्त होतो. बांधलेल्या लाकडी चौकटीसकट मूर्तीची रुंदी ३४ भरली. रात्री साडेदहाला त्या लाकडी चौकटीची एक बाजू काढून, फोम तसाच ठेवून, लाकडी रुळांवरून आत घ्यावी लागली. माप घ्यायचे ते बांधलेल्या मूर्तीचे, आणि दार, जिना, वळण यांतल्या सर्वांत अरुंद जागेचे.

चौथऱ्याची उंची आधी ठरवा. उशीवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण तीन फुटांवर असतात. मूर्तीची बैठक अडीच ते तीन फुटांवर असली की शेवटच्या ओळीतूनही चेहरा दिसतो. मूर्तीमागे खिडकी ठेवू नका, पहाटे उजेडाच्या पार्श्वभूमीवर नुसती काळी आकृती दिसते. दिशेचा प्रश्न दोघा-तिघांनी हळूच काढला, एकजण तर होकायंत्र घेऊन आला होता. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या लोकांत वास्तूची चर्चा कशी सुरू होते ते पाहण्यासारखे असते. मूर्ती दक्षिणेच्या भिंतीला आहे, कारण त्या भिंतीला खिडकी नाही आणि दार समोर येत नाही. दार बसणाऱ्यांच्या पाठीमागे आले, त्यामुळे उशिरा येणारा कुणाला दिसत नाही.

आता स्थलांतराचे सहा आठवडे. डिसेंबरच्या मध्यापासून दोन्ही जागा आमच्या ताब्यात होत्या, म्हणजे दीड महिन्याचे जास्तीचे भाडे. खजिनदारांना ते खटकले. पण दुरुस्ती ठरल्या दिवशी संपत नाही. आमची तीन आठवडे लांबली, आणि जुनी जागा हातात नसती तर बैठका बंद पडल्या असत्या. पहिल्या टप्प्यात छोट्या हत्तीच्या दोन खेपांत पुस्तके आणि भांडी गेली. पुस्तके मोठ्या खोक्यांत भरू नयेत. दीड बाय एक बाय एक फुटाचे खोकेच वीस-बावीस किलो होते. दुसऱ्या टप्प्यात वीस गाद्यांचा एक संच नव्या घरी गेला आणि तिथे फक्त शनिवारी सकाळी बसायला सुरुवात केली, तेव्हा नळ गळतो, घंटेचा आवाज शेजारी जातो, चपला पायरीवर पसरतात, असे दोष कमी माणसांत दिसले. चपलांचे गणित करावे: चार फुटांच्या फळीवर पाच जोड बसतात, साठ जणांना बारा फळ्या. शेवटच्या रात्री साडेआठला जुन्या हॉलमध्ये वंदना झाली, मग मूर्ती आणि उरलेल्या गाद्या निघाल्या, आणि सकाळी सहाला नव्या हॉलमध्ये बैठक. त्या पहाटे सतरा जण आले. चौथरा अजून ओला होता म्हणून मूर्ती लाकडी पाटावर होती.

परित्राण पाठ (रक्षणसूत्रांचे पठण) आणि भोजनदान दोन आठवड्यांनी, पौर्णिमेला ठेवले. आधी बैठक, मग कार्यक्रम. उद्घाटनाच्या तारखेला कामे बांधली की रंगारी, पाहुणे आणि पत्रिका ठरवतात बैठक कधी होणार ते.

गल्लीतल्या चौदा घरी राहायला येण्याआधीच दोघे-दोघे गेलो होतो. वेळा छापलेला कागद आणि एक फोन नंबर दिला. लोकांना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या होत्या: भोंगा लावणार का, गाड्या कुठे लावणार, जेवणाच्या पत्रावळी कुठे टाकणार. भोंगा नाही, गाड्यांसाठी कोपऱ्यावरच्या मैदानाची सोय, गल्लीत फक्त ज्येष्ठांच्या दुचाक्या, ताटे स्टीलची, घासायला आत. तिसऱ्या महिन्यात एका रविवारी पस्तीस दुचाक्या गल्लीतच लागल्या आणि दोन तक्रारी आल्या. तेव्हापासून रविवारी एकजण साडेनऊ ते दहा कोपऱ्यावर उभा असतो.

जुन्या भागातले अकरा ज्येष्ठ नव्या जागी येऊ शकत नाहीत. नकाशावरच्या टाचण्यांनी ते आधीच सांगितले होते. त्यांच्यासाठी गुरुवारची संध्याकाळची बैठक एका सदस्याच्या घरी तिकडेच चालू ठेवली आहे.

पत्ता बदलण्याची यादी लांबते: खरेदीचा चेंज रिपोर्ट पुन्हा ९० दिवसांत, पॅन, बँकेचे केवायसी, पावतीपुस्तके, वीजजोडणीवरचे नाव, मिळकतकर, नकाशावरची खूण. जुन्या फाटकावर फलक ठेवायला मालकाने सहा महिने परवानगी दिली. पाचव्या महिन्यातही आठवड्याला एखादा माणूस तो वाचून फोन करत होता, म्हणून मुदत वाढवून घेतली.

जुन्या आवारात आम्ही लावलेला पिंपळ आता तीन मजली उंच आहे. तो हलवता येत नव्हता, तोडायचा तर प्रश्नच नव्हता. जूनमध्ये अंगठ्याएवढ्या जाडीच्या फांदीवर गुटी बांधली: दीड इंच साल गोल सोलून, ओले शेवाळ लावून, प्लास्टिक घट्ट गुंडाळून. दोन महिन्यांत पांढरी मुळे दिसली, मग फांदी कापून कुंडीत लावली. दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर पिंपळ जमिनीत लावायची सोय नाही. त्याची मुळे पाया आणि ड्रेनेजची लाइन शोधत जातात. कुंडी २४ इंची आहे, दर दोन वर्षांनी मुळे छाटून माती बदलायची. ती विटांवर उचलून ठेवली आहे आणि महिन्यातून एकदा फिरवतो, म्हणजे तळाच्या भोकातून मुळे फरशीच्या सांध्यात उतरत नाहीत.